गावाची राखण

घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघाले, की आजी हात उचलून दुआ मागते, 'या अल्लाह, जान-माल की हिफाजत कर.' हेच मराठीत सांगायचे तर 'जीवित आणि मालमत्ता यांचे रक्षण' असे म्हणतात. गंमत अशी, की 'मालमत्ता' या शब्दात तुमच्या ओळखीचे 'माल-ओ-मता' दडले आहे. फिर्याद, जबाब, हद्द, कब्जा, वारस, जप्ती हे शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. खेड्यातला शेतकरी ते रोज वापरतो. पण जान आणि माल सांभाळण्यासाठी तो नेमके काय करतो, हे शहरात राहणाऱ्या तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. आज मी तुम्हांला तेच सांगणार आहे.

माझ्या दादांचे, म्हणजे आजोबांचे, गाव सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात आहे. तिथे वस्तीच्या जागेला जुनी माणसे 'पांढरी' म्हणतात आणि शेतजमिनीला 'काळी'. काळी पिकवते आणि पांढरी सांभाळते. आजोबांचे घर धाब्याचे होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे सपाट छप्पर, दार ठेंगणे आणि खिडक्या अगदी लहान. उन्हाळ्यात घर गार राहायचे आणि चोरालाही आत शिरणे अवघड जायचे. घराला घर लागून असल्यामुळे एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर सहज जाता येई. रात्री एका घरी आरडाओरडा झाला, की क्षणात दहा घरे जागी होत.

जुन्या काळी धान्य ठेवण्यासाठी जमिनीत पेव खणत. तोंड अरुंद आणि पोट मोठे, अशी ती खोल विहिरीसारखी जागा असे. पेव बुजवून वर माती पसरली, की परक्याला पत्ताही लागत नसे. मात्र पेवात माणसाच्या जिवाला धोका असे. बंद पेवात साठलेल्या धान्यामुळे कार्बन डायऑक्साइड वायू कोंडतो. म्हणून तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी वारा खेळू देत, मग जळता दिवा दोरीने खाली सोडत. दिवा विझला, तर माणसाने उतरायचे नाही. माल मोलाचा खरा, पण जान त्याहून मोलाची, हे पेवाच्या तोंडाशी प्रत्येकाला कळत असे.

धान्याची गोष्ट निघाली, की सोलापूर जिल्ह्यात दामाजीपंतांचे नाव निघतेच. बहामनी राजवटीत ते मंगळवेढ्याचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य भुकेल्यांना वाटले, अशी कथा सांगतात. कोठाराची राखण हे त्यांचे काम होते. पण माणसे मरत असताना कुलूप सांभाळणे म्हणजे राखण नव्हे, असे त्यांना वाटले. म्हणूनच इतक्या शतकांनंतरही लोक त्यांचे नाव घेतात.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्याकडेही रब्बीला मालदांडी ज्वारीच घेतात. कणसे दाण्याने भरली, की राखण सुरू होते. दिवसा पाखरे, रात्री रानडुकरे आणि कधीमधी चोर. शेताच्या मध्ये चार मेढी रोवून उंच माळा बांधतात. मी लहान असताना आजोबांबरोबर माळ्यावर बसत असे. ते गोफण फिरवून 'हो ऽ ऽ' अशी हाळी देत. थोड्या वेळाने शेजारच्या शेतातून तशीच हाळी येई. पुढे आणखी लांबून तिसरी. मी विचारले, 'दादा, पाखरे तर केव्हाच उडाली. मग हाळी कशाला?' ते म्हणाले, 'बेटी, आम्ही जागे आहोत आणि एकटे नाही, हे एकमेकांना कळायला नको का?'

आता माळे कमी झाले, पण रात्रीची जाग संपलेली नाही. विहिरीवरची मोटार आणि वायर चोरीला जाण्याची भीती असते. रात्री वीज आली, की पिकाला पाणी द्यायला जावे लागते. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा नाही, अंधारात बॅटरी आणि पायांत बूट असल्याशिवाय सरीत उतरायचे नाही, आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठायचा, हे नियम तिथल्या मुलांनाही पाठ असतात.

धान्य आणि मोटार डोळ्यांनी दिसते. पण जमीन कोणाची, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी कागद लागतो. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळट कागद होता. तो म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती आणि तिच्यावर बोजा कोणता, हे लिहिलेले असते. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. दोन्ही एकत्र म्हणून 'सातबारा'. आजोबांच्या पश्चात वारसांची नोंद झाली, तेव्हा अब्बांबरोबर माझ्या दोन्ही फुफींची नावेही सातबाऱ्यावर लागली. बांधावरून भांडण झाले, तरी हाती काठी घेण्यापेक्षा सरकारी मोजणी मागवणे शहाणपणाचे. काठीने फार तर एक दिवस जिंकता येते. कागद पिढ्यान्‌पिढ्या साक्ष देतो.

गावात काही बरेवाईट घडले, तर पोलीस ठाण्याला खबर देणे हे पोलीस पाटलाचे काम असते. पूर्वी पाटीलकी वडिलांकडून मुलाकडे जाई. आता पोलीस पाटील नेमला जातो, आणि स्त्रियाही हे काम करतात. चोऱ्या वाढल्या, की गावातले तरुण ग्रामसुरक्षा दल करून रात्री गस्त घालतात. ही रीत आपल्याच देशात आहे असे समजू नका. इंडोनेशियाच्या जावा बेटावर शेतकऱ्यांची खेडी आहेत. तिथेही गावकरी पाळीपाळीने रात्री पहारा देतात. त्याला 'रोंदा' म्हणतात. त्यांच्याकडे 'केंतोंगान' नावाचे बांबूचे किंवा लाकडाचे पोकळ वाद्य असते. चोर, आग, पूर अशा संकटांत ते ठोकून गावाला जागे करतात. देश वेगळा आणि भाषा वेगळी, पण काळजी तीच.

मात्र जागे राहणे वेगळे आणि घाबरून जाणे वेगळे. ही गोष्ट मला २०१८ साली कळली. त्या जूनमध्ये मी गावी गेले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश सगळ्यांच्या मोबाइलवर येत होते. त्यांबरोबर एक चित्रफीतही फिरत होती. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या एका जाहिरातीतून तोडलेली होती, हे पुढे उघड झाले. पण त्या दिवसांत ते कोणाला ठाऊक होते? नेमकी तेव्हाच गावाबाहेरच्या माळावर चार पाले पडली. संध्याकाळी तिथे गर्दी जमली. काहींच्या हातांत काठ्या होत्या. पालांतल्या बाया लेकरांना पोटाशी धरून बसल्या होत्या.

आमच्या गावच्या पोलीस पाटील ताई धावत आल्या आणि गर्दीच्या पुढे उभ्या राहिल्या.

'ताई, पोरं पळवणारी टोळी आहे ही!' कोणीतरी ओरडले.

'कुणाचं पोर गेलंय?' ताईंनी विचारले. 'नाव सांगा. आत्ता फिर्याद लिहू.'

कोणीच बोलेना. गावातले एकही मूल हरवले नव्हते. तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली. म्हणाली, 'अगं, ही तर सुया, बिब्बे विकणारी बाई. दर साली येती की!' ताईंनी ठाण्याला फोन केला. पोलीस आले, त्यांनी नावे-गावे लिहून घेतली आणि गर्दी पांगली. दुसऱ्या दिवशी त्याच बाया गल्लीतून 'सुया घ्या, दाभण घ्या' असे ओरडत फिरत होत्या.

सगळीकडे असे घडले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावी बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने याच अफवेवरून मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. जिथे भुकेल्यांसाठी कोठारे उघडल्याची कथा सांगतात, तिथलेच हे गरीब लोक परमुलखात पोट भरायला गेले होते. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवत आणि त्यांची हजेरी घेत. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तारा निघाल्या, पण मनातला संशय अजून पुरता गेलेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी मोबाइल आहे. त्यावर एखाद्याविषयी भीतीचा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी ताईंचा प्रश्न विचारा. कोणाचे मूल गेले? कोणी पाहिले? खरोखर शंका असेल, तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा. पण हात उचलू नका. दाराला कुलूप हवे, सातबाऱ्यावर नाव हवे आणि रात्री गस्तही हवी. पण राखण फक्त आपल्या जान-मालाची नसते. आपल्या गावात आलेल्या अनोळखी माणसाची जानही त्या रात्री आपल्याच राखणीत असते.