हिमभूमीचे पाहुणे

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या बहुतेक प्रवासी नौका अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून सुटतात. ड्रेक सामुद्रधुनीचा खवळलेला समुद्र ओलांडावयास सुमारे दोन दिवस लागतात. मग पहिला हिमनग दृष्टीस पडतो आणि प्रवासाचा शीण कोठल्या कोठे पळतो!

तथापि किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे बूट स्वच्छ करून जंतुनाशकात बुडवितात. परके बीज वा रोगजंतू तेथे पोहोचता कामा नयेत. एका स्थळी एका वेळी १०० हून अधिक प्रवाशांना उतरू देत नाहीत. पेंग्विनपासून ५ मीटर दूर राहावयाचे. तो समोरून आलाच, तर वाट माणसाने सोडावयाची.

या कडक नियमांचे मर्म डिसेप्शन बेटावर उमगते. देवमाशांची चरबी कढवून तेल काढणारा तेथील कारखाना १९३१ साली बंद पडला. त्याच्या गंजलेल्या टाक्या ज्वालामुखीच्या काळ्या राखेत अजून उभ्या आहेत. तेव्हा माणूस येथे लुटावयास आला होता. आज तो केवळ पाहावयास येतो. परंतु पाहणाऱ्याचे पाऊलही निरुपद्रवी नसते. भुसभुशीत बर्फात पाय खोल रुतला, तर तो खड्डा बुजवूनच पुढे जावयाचे. एरवी मागून येणारा पेंग्विन त्यात अडकावयाचा!