टाचणाच्या पलीकडची वही

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाला टाचण नवे नाही. उद्या कोणता घटक, कोणते शैक्षणिक साहित्य, कोणत्या कृती हे आधी लिहायचे आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. टाचणात असतो तो अजून न झालेला तास. झालेल्या तासाला तिथे फारशी जागा नसते, आणि शिक्षक शिकतो ते बहुतांशी त्या तासातूनच. म्हणून काही शिक्षक आपणहून आणखी एक वही ठेवतात. तिच्यावर कुणाची सही नसते.

या वहीचा उपयोग नोंद किती नेमकी आहे यावर ठरतो. ‘आज वजाबाकी घेतली, काही मुलांना जमली नाही’ या वाक्यातून पुढे काही निघत नाही. ‘४२ मधून १७ वजा करून एकाने ३५ लिहिले’ असे लिहिले की हात थबकतो. ३५ आले कुठून? दशकाच्या घरात ४ मधून १ गेला, ३ उरले. एककात २ मधून ७ जाईनात, तेव्हा मुलाने ७ मधून २ काढून ५ लिहिले. ही हलगर्जी नव्हे. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा नियम त्याने दोन्ही घरांत इमानाने पाळला आहे. कदाचित तो त्याला वर्गातच मिळाला असेल. मग दुसऱ्या दिवशी आणखी वीस उदाहरणे देण्याऐवजी शिक्षक दहाची जुडी सोडून काड्या सुट्या करायला लावतो. भरल्या वर्गात हा उलगडा व्हायला सवड नसते. ती लिहिताना मिळते.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्येच विचाराची सुरुवात अडचणीत असते असे मांडले होते. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर त्याकडे वळून पाहणारा विचार असा भेद केला. शिक्षकाची वही दुसऱ्या प्रकारातली.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचे. ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ (१९६४) हे त्यांचे पुस्तक मुळात सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या टिपणांतून उभे राहिले. बिल हल या सहकाऱ्याच्या वर्गात होल्ट कधी शिकवत, कधी नुसते बघत बसत. बघताना त्यांना दिसले की मुले गणिताकडे कमी आणि शिक्षकाच्या चेहऱ्याकडे जास्त पाहतात. उत्तर अर्धवट पुटपुटतात आणि भुवई हलली की बदलतात. फळ्याशी उभे राहून हे दिसणे अवघड आहे, कारण तो चेहरा शिक्षकाचा स्वतःचाच असतो.

आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी अशा अनुभवांना ‘दिवास्वप्न’मध्ये कथेचे रूप दिले. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गात प्रयोग करायला जातो आणि पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. शांततेचा खेळ त्याने घरी योजलेला असतो. वर्गात गोंगाट माजतो. गिजुभाई हा प्रसंग झाकत नाहीत, आणि पुस्तकाचे खरे बळ तिथेच आहे. फसलेला तास जिथे कधीच येत नाही, ती वही प्रगतिपुस्तकासारखी वाचली जाते, आणि तिच्यातून शिकण्यासारखे थोडेच निघते.

लिहिणे सक्तीचे झाले की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिणे आले. कल्पना उत्तम होती. पण मुले पुष्कळ, विषय पुष्कळ, शिवाय सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे आहेच. लवकरच विषयवार तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’ हे वाक्य कितीतरी शाळांतल्या कितीतरी मुलांना सारखेच लागू पडले. दोष शिक्षकांच्या आळसाचा कमी, वाचणारा कोण याचा अधिक. तपासणीसाठी लिहिलेल्या नोंदीत कुणी आपली अडचण का मांडेल?

तरीही एकट्याच्या वहीला मर्यादा आहेच. आपली गृहीतके आपल्याला दिसत नाहीत, आणि रोज तेच रडगाणे लिहूनही मन हलके होते, शिकवणे बदलत नाही. होल्ट यांची टिपणे वाचायला हल होते. जवळपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एखादी नोंद मुलाचे नाव वगळून वाचली गेली, तर शेजारच्या शाळेतली शिक्षिका विचारू शकते, ‘पण त्याला तोंडी विचारलं होतं का?’ आणि ३५ लिहिणारा मुलगा दुकानात सुटे पैसे अचूक मोजून घेतो, हे तेव्हा कळू शकते.