इचलकरंजीचे कापड, बाहुबलीची वाट

पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत पहाटेपासूनच यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पाहता पाहता हे जहागिरीचे गाव वस्त्रनगरी झाले. आपल्या समाजातील कितीतरी पेढ्या याच कापडावर उभ्या राहिल्या. नवल एवढेच, की ताग्याचा पन्हा आणि पोत एका नजरेत सांगणाऱ्या आपल्या घरांतून शिवणाची सुई मात्र हद्दपार होत चालली आहे.

कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री निघालेल्या श्राविकेने वाटेत येथे थांबून अडीच मीटर साधे सुती कापड घ्यावे, 36 इंच पन्ह्याचे. पेठेत रेशीमही मिळते. परंतु कोशातील जीवासकट कोश उकळून काढलेला तो धागा नेसून त्या 28 फुटी दिगंबर मूर्तीसमोर उभे राहणे मला कधीच रुचले नाही.

कोरे कापड प्रथम गाळलेल्या पाण्यात भिजवून दोनदा धुवावे. खळ निघते, आणि आटायचे ते बेतण्यापूर्वीच आटते. गिरण्यांच्या खळीत पूर्वी जनावरांची चरबी वापरीत, हेही स्मरणात असावे. मग कात्री. जुन्या पद्धतीच्या कुडत्यात गोलाई फक्त गळ्याला. बाकी सारे काप सरळ. 20 इंच रुंद आणि 72 इंच लांब पट्टी मधोमध दुमडली की पुढची-मागची बाजू झाली. उरलेल्या 16 इंची पट्टीतून दोन बाह्या, तिरप्या कापाच्या चार कळ्या आणि बगलेत बसवायचे दोन चौकोनी तुकडे निघतात. हे तुकडे चुकवू नयेत. हात उचलताना बगल उसवत नाही ती त्यांच्यामुळेच. शिवण धावदोऱ्याची, मध्ये मध्ये उलटी टीप घातलेली. यंत्र असेल तर उत्तमच, नसले तरी चार-पाच दुपारी पुरतात.

असा कुडता अंगावर घालून क्षेत्रावर गेले की वस्त्रांकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. त्यागीजनांचा मुक्काम असेल तर पाहावे: आर्यिका माताजींची एक शुभ्र साडी, क्षुल्लकांची लंगोटी आणि खंडवस्त्र, ऐलकांची केवळ लंगोटी, मुनींपाशी तेवढेही नाही. आपण गृहस्थ, आपल्याला इतके साधणार नाही. परंतु परिग्रह-परिमाणात ‘कुप्य’ म्हणून वस्त्रांचीही मर्यादा सांगितली आहे, आणि कपाटातील कपडे मोजण्याचा धीर मला तरी स्वतः चार कपडे शिवल्यावरच आला. तयार कपडा खरेदी करताना आपण किंमत पाहतो. शिवताना प्रत्येक शिवणीला लागलेला वेळ कळतो, आणि पाचवा कुडता हवाच कशाला, हा प्रश्न आपोआप पडतो.

अडीच मीटरांत शेवटी 26 इंचांचा पूर्ण पन्ह्याचा तुकडा उरतो. तो टाकू नये. कापड जाड आणि घट्ट विणीचे घेतले असेल, तर त्यातून 36 अंगुळे लांब आणि 24 अंगुळे रुंद, म्हणजे सुमारे 27 बाय 18 इंचांचे गाळणे निघते. कडा दुमडून शिवाव्यात, दुहेरी करून वापरावे, आणि जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत अलगद सोडावी.