दारात उभी गाडी आणि वहीतला हिशेब

फजरनंतर आमच्या गच्चीवर उभे राहिले की कासारवाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. लोणावळ्याकडे निघालेली लोकल, जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरचे ट्रक, खांबांवरून सरकणारी मेट्रो आणि नाशिक फाट्यावरून चाकणकडे वळणाऱ्या कंपन्यांच्या बस. गावाच्या नावात कासार आहेत, बांगड्या आणि तांब्या-पितळेची भांडी विकणारे. आज मात्र या पट्ट्याची ओळख गाड्यांची. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ. आमच्या गल्लीत कुणी ब्रेकचे भाग तपासतो, कुणी सीटची कव्हरे शिवतो. अशा वस्तीत दारात गाडी नसली की माणसाला उगाच काहीतरी कमी असल्यासारखे वाटते.

आम्हालाही वाटले. चार वर्षांपूर्वी भिशीचे पैसे आणि थोडी शिल्लक मिळून आम्ही एक जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली, तीन लाख वीस हजारांना. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे घरात आधीच ठरलेले होते. गाडी रोख घेतली, म्हणून ती आपल्याला स्वस्त पडली असा आमचा समज झाला. तीन वर्षे तो समज तसाच राहिला.

गेल्या वर्षी थोरलीला बी. फार्म.ला प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा समोर आला. रात्री जेवताना कुणीतरी म्हणाले, गाडी विकून टाकू. सगळे गप्प झाले. अम्मींचे गुडघे गेलेले. महिन्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावे लागते. त्याआधीच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता त्यांना दम लागला होता, तेव्हा हीच गाडी कामी आली होती. अम्मीच शेवटी म्हणाल्या, "विका बेटा, मी रिक्षानं जाईन. पोरीचं शिक्षण थांबायला नको."

त्या रात्री आम्ही वही काढली. शाळेत मुलांना जमाखर्च शिकवतो, घरातल्या गाडीचा मात्र कधी लिहिला नव्हता. बिले, मोबाइलमधले संदेश, पंपावरच्या पावत्या शोधून मागच्या बारा महिन्यांचा हिशेब मांडला. पेट्रोल ७० हजार. विमा ९ हजार. सर्व्हिस आणि दुरुस्ती १८ हजार. दोन टायर ८,४००. पार्किंग, टोल, धुलाई, एक दंड, पीयूसी मिळून ६,६००. एक लाख बारा हजार झाले. मग कुठल्याच पावतीवर न छापलेला खर्च लिहिला. तीन लाख वीस हजारांची गाडी तीन वर्षांनी दलाल दोन लाख तीस हजारांना मागत होता, म्हणजे वर्षाला ३० हजार नुसते झिजत होते. एकूण १ लाख ४२ हजार. गाडी वर्षात ९,४०० किलोमीटर चालली होती. भागाकार केला तर किलोमीटरला पंधरा रुपये! आम्ही इतके दिवस फक्त पेट्रोल धरून साडेसात म्हणत होतो.

वहीने दुसरी गोष्टही दाखवली. यातले ५,४०० किलोमीटर एकाच फेरीचे होते, कासारवाडी ते कॅम्पातली आमची शाळा आणि परत. दापोडी, खडकीच्या गर्दीत एकटा माणूस आणि पाच जणांची गाडी. घरातले दुसरे कमावते माणूस तर चाकणला कंपनीच्या बसने जाते.

रविवारी आम्ही आपल्याच गावात पाहुण्यासारखे फिरलो. रेल्वे स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर. इथून दापोडी, खडकी, शिवाजीनगर आणि मग पुणे. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास पेट्रोलच्या दोन लिटरइतकाही महाग नाही. अडचण एकच, दुपारी लोकलला मोठा खंड असतो आणि आमची शाळा नेमकी तेव्हाच सुटते. त्यावर उत्तर रस्त्यावर उभे होते. पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली तेव्हा आम्ही मुलांना हौस म्हणून त्यात बसवून आणले आणि विसरून गेलो. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून ती जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊ लागली, पुणे स्टेशनहून येऊन तिथे गाडी बदलता येते. जायला लोकल, यायला मेट्रो, आणि दोन्ही चुकले तर पीएमपीची बस. सगळे दाराशी असताना आम्ही क्लच दाबत बसलो होतो.

गाडी विकली नाही. तिला शाळेत न्यायचे बंद केले.

उरलेल्या खर्चासाठी रेल्वे लाइनीजवळच्या गल्लीतल्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्याआधी एका सर्व्हिस सेंटरने अकरा हजारांचा अंदाज दिला होता. चाचांनी कागद वाचला, चाक खोलले आणि म्हणाले, "ब्रेक पॅड गेलेत, ते आजच बदला. बाकीचं इंजिन धुणं, एसी धुणं तुमच्या मर्जीवर आहे, गरजेवर नाही." जुना भाग नेहमी मागून घ्यावा आणि गाडीसोबत आलेले पुस्तक उघडून कुठले काम किती किलोमीटरला ते स्वतः पाहावे, ही सवय त्यांनीच लावली. टायरमध्ये हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. हवा टायर थंड असताना मोजायची. कमी हवेवर गाडी पेट्रोलही जास्त पिते आणि टायरच्या कडाही खाते.

विम्याचेही तसेच. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते, तिथे घासाघीस नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक बदलतो, त्यासाठी दोन-तीन ठिकाणी विचारावे. वर्षभर दावा केला नाही तर त्या भागावर २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षांत ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. बंपरच्या दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करून ही सूट गमावणे म्हणजे आंधळा व्यवहार. सूट माणसाची असते, गाडीची नाही. गाडी बदलली तरी ती आपल्याकडेच राहते. मात्र विमा संपून नव्वद दिवसांहून जास्त झाले की गेली.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे आपण मुलांना सांगतो. मग लांबलेल्या सिग्नलवर इंजिन चालू ठेवून आपण काय शिकवतो? हा प्रश्न धाकट्याने नाशिक फाट्यावर विचारला. तेव्हापासून तिथे आमचा हात आपोआप चावीकडे जातो.

वर्ष सरले. गाडी ३,८०० किलोमीटर चालली, गर्दीतली फेरी गेल्याने सरासरीही सुधारली. पेट्रोल २४,७०० वर आले, दुरुस्ती ९ हजारांवर, किरकोळ खर्च तीन हजारांवर. लोकल-मेट्रोचे दहा हजार वजा करून हातात सुमारे ४८ हजार राहिले. टायरचे पैसे यात धरलेले नाहीत, तो खर्च टळला नाही, पुढे गेला. एक कडू गोष्टही वहीत आहे. विमा आणि झीज गाडी उभी असली तरी चालूच राहते, म्हणून आता किलोमीटरला जवळजवळ वीस रुपये पडतात. कमी चालणारी गाडी वर्षाला स्वस्त आणि मैलाला महाग. अम्मींसाठी तेवढी किंमत आम्ही समजून-उमजून देतो. ज्यांच्या घरी अशी गरज नाही त्यांनी हा आकडा पाहून विकण्याचाच विचार करावा.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून जुम्याच्या दुपारी आम्ही तिला बाहेर काढतो. आठवड्याचा किराणा, पिठाची गिरणी आणि अम्मींची बहीण, तीन कामे एका फेरीत. अम्मी पुढच्या सीटवर बसतात आणि मीटर पाहून आकडा मोठ्याने सांगतात. मागे बसलेली थोरली तो वहीत लिहून घेते. तिची दुसऱ्या वर्षाची फी गेल्या महिन्यात भरली, अलहम्दुलिल्लाह. पावती त्याच वहीत ठेवली आहे.