अडकलेला पतंग

मी नांदेडची. एकदा संक्रांतीला लातूरला मामांकडे गेले होते. माझा पतंग कटला आणि शेजारच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला अडकला. मी शिडीकडे धावले, तोच मामा ओरडले, "अगं थांब! आधी पाटी वाच!"

मग त्यांनी समजावलं. अँटेनाच्या लहरी तिच्या तोंडासमोर सरळ पुढे जातात. अगदी पुढ्यात उभं राहिलं, तर अंग आतून तापू शकतं. दुरुस्तीवालेसुद्धा ती बंद करूनच पुढ्यात जातात. अंतर दुप्पट झालं, की लहरींचा जोर पाव होतो. म्हणून खाली घरात घाबरायचं कारण नाही. २०१२ साली तर भारतानं ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती.

मी रडले खूप. पण पतंग तिथेच राहिला. तुमचा अडकला, तर तुम्हीही राहू द्या हं!