झीज, दुरुस्ती आणि निर्णय

बँकेच्या नोकरीतील पस्तीसहून अधिक वर्षे ‘घसारा’ या शब्दाच्या सहवासात गेली. ताळेबंदात तो एका ओळीत मावतो. दर ठरलेला असतो आणि मालमत्तेची किंमत दरवर्षी मुकाट्याने उतरत जाते. यंत्राच्या पोटातील झीज मात्र अशी शिस्तीत होत नाही. ती लक्षात आल्यावर झिजलेला भाग दुरुस्त करावा, तेवढाच बदलावा, की सगळे यंत्रच निकालात काढावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी आला तो १९८९ साली घेतलेल्या बजाज चेतक स्कूटरमुळे.

माझ्या पिढीतील वाचकांना चेतकची ओळख करून देण्याची गरज नाही. १९७२ पासून बाजारात आलेल्या या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिरवणाऱ्या या गाडीचे टू-स्ट्रोक इंजिन १४५ सीसीचे होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावे लागे आणि चार गिअर डाव्या मुठीने बदलावे लागत. बजाजने २००९ मध्ये स्कूटरनिर्मिती थांबवण्याचे जाहीर केले. २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली. तिच्यात पिस्टन, रिंग, कार्बोरेटर, यांपैकी काहीच नाही.

आमच्या गाडीची तक्रार दुहेरी होती. किक हलकी लागत होती आणि वर्धा मार्गाच्या उड्डाणपुलावर चढताना दम तुटत होता. शिवाय जोर पडला की तिसरा गिअर आपोआप निसटत होता. आमच्या मिस्त्रींनी इंजिन उघडून एकेक भाग फडक्यावर मांडला आणि समजावून सांगितले. पिस्टन वर्षानुवर्षे घासल्याने सिलिंडरचे भोक नेमके गोल राहत नाही, किंचित लंबगोल होते. मग नवी रिंग बसवली तरी फटीतून दाब निसटतो. अशा वेळी सिलिंडर लेथवर नेऊन बोअर करतात, म्हणजे भोक थोडे मोठे करून पुन्हा गोल करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. चेतकच्या सिलिंडरचे मूळ माप ५७ मिलिमीटर. मोठे पिस्टन साधारणपणे पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. पायऱ्या मोजक्याच आहेत. आमच्या सिलिंडरची आता एकच उरली होती.

गिअरचे दुखणे निराळे होते. चेतकमध्ये गिअरचक्रांच्या पोटातून सरकणारा चार हातांचा एक भाग असतो. त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. हवे ते चक्र तोच अडकवून धरतो. त्याचे कोपरे झिजून गोल झाले की पकड सुटते. मी विचारले, ‘‘फक्त क्रॉस बदलला तर चालेल?’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘चालेल साहेब, पण ज्या चक्रात तो अडकतो त्याच्या खाचाही घासल्या आहेत. नवा क्रॉस तिथे लवकर मरेल. एकमेकांवर घासणाऱ्या वस्तू जोडीनेच बदलाव्या.’’ मोटारसायकलची चेन आणि चकत्या एकत्र बदलतात, त्यामागेही हेच कारण.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे एक जुना वाद आठवतो. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ३१ नुसार यंत्राच्या चालू दुरुस्तीचा खर्च उत्पन्नातून वजा मिळे. पण दुरुस्ती कोठे संपते आणि नवी खरेदी कोठे सुरू होते? सरवण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गिरणीतील प्रत्येक यंत्र स्वतंत्र आहे आणि अख्खी रिंग फ्रेम बदलणे ही चालू दुरुस्ती नव्हे. असलेली मालमत्ता टिकवणे ही दुरुस्ती, नवी निर्माण करणे ही खरेदी. सीमारेषा कोणत्या वस्तूभोवती आखायची, हे आधी ठरवावे लागते. पिस्टन बदलणे ही इंजिनची दुरुस्ती खरी. पण इंजिन, गिअर, ब्रेक, वायरिंग असे एकेक करून सारेच बदलत गेलो, तर आपण हप्त्याहप्त्याने दुसरी गाडीच विकत घेत असतो.

नोकरीतही हे पाहिले होते. नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर. अमरावती मार्गावरील वाडी परिसर वाहतूक व्यवसायाचा. एक ट्रकमालक राहते घर तारण ठेवून नव्या ट्रकसाठी कर्ज मागायला आले होते. जुना ट्रक ऑइल पीत होता. चौकशीत कळले की चेसिस मजबूत आहे, गिअरबॉक्स शांत आहे. झीज फक्त इंजिनमध्ये आहे. लायनर, पिस्टन, बेअरिंग बदलून आणि क्रँक ग्राइंड करून काम भागणार होते. छोट्या कर्जात ते झाले आणि घर मोकळे राहिले. दुसऱ्या एका ग्राहकाच्या ट्रकचे गिअरबॉक्सचे कवच तडकलेले, चेसिसला दोनदा वेल्डिंग आणि डिफरन्शियल घरघरत होते. तिन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या पाहिल्या तर स्वस्त होत्या. बेरीज मात्र ट्रकच्या किमतीवर जात होती, आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांचे बुडालेले भाडे निराळेच. तेथे नवा ट्रकच योग्य होता.

आमच्या बाबतीत गणिताआड भावना उभी होती. याच स्कूटरवर मी वडिलांना रोज सकाळी इतवारीतील दुकानात सोडत असे. पुण्याहून मुलाचा फोन आला. तो म्हणाला, ‘‘बाबा, आजोबांची आठवण मलाही आहे. पण तुम्ही आईला मागे बसवून जाता. भर रस्त्यात गिअर निसटला तर?’’ या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. जुने वापरत राहणे म्हणजे अपरिग्रह, असे आपण सहज समजतो. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. नव्या गाडीचा मोह ही जशी मूर्च्छा, तशीच जुनी सुटत नाही हीदेखील. मोतीबागच्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात जुनी इंजिने मानाने उभी आहेत, पण कोणी त्यांना गाडी ओढायला लावत नाही. आठवण जपणे आणि सेवा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी खर्च मंजूर करण्याआधी मी कर्जप्रस्तावासारखे टिपण तयार केले. पहिली कसोटी सुरक्षिततेची. ब्रेकचे लायनर, केबल आणि टायर नवेच. तेथे काटकसर नाही. दुसरी, मूळ सांगाडा शाबूत आहे का? मिस्त्रींनी इंजिनचे कवच व क्रँक तपासून होकार दिला. तिसरी, सुटे भाग आणि ते बसवणारा हात, दोन्ही उपलब्ध आहेत का? आज आहेत, पण मिस्त्रींचा मुलगा हे काम शिकलेला नाही. चौथी, एकूण खर्चाची मर्यादा आणि थांबण्याची जागा, दोन्ही आधी ठरवलेल्या. इंजिन उघडल्यावर ‘आणखी एवढेच’ म्हणत बिल वाढते, म्हणून आकडा आधी लिहावा.

त्याप्रमाणे सिलिंडर शेवटच्या पायरीवर बोअर केला, क्रॉस आणि चक्रे जोडीने बदलली. गाडी आता चढावर दम सोडत नाही, गिअरही धरून राहतो. तरीही सौभाग्यवतींना घेऊन जायचे असेल तेव्हा आम्ही रिक्षा किंवा मेट्रोने जातो. स्कूटर माझ्या एकट्याच्या सकाळच्या फेरीपुरती. नोंदणीच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी घडी करून ठेवली आहे आणि तिच्यावर मुलाचीही सही घेतली आहे: ‘हा शेवटचा बोअर. पुढच्या वेळी इंजिन उघडावे लागले तर दुरुस्ती नाही, निरोप.’

ज्या वाचकांच्या घरी असे एखादे जुने यंत्र आहे, मग ती स्कूटर असो, पिठाची गिरणी असो वा विहिरीवरचा पंप, त्यांनी ते पुढच्या वेळी उघडण्याआधी अशी एक चिठ्ठी जरूर लिहावी. यंत्र धडधाकट असताना मन शांत असते. तेव्हा घेतलेला निर्णय सहसा फसत नाही.