गर्दीला जागा कुठून आणायची?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अनाहाइम नावाचं शहर आहे. तिथे १९५५ साली संत्र्यांच्या बागांच्या जागी डिस्नेलँड सुरू झालं. पाहता पाहता भोवती हॉटेलं उभी राहिली आणि वाढायला जागाच उरली नाही. मग दूर फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. तिथे १९७१ ते १९९८ या काळात चार उद्यानं झाली.

अनाहाइमला तर गंमतच! गाड्या उभ्या करायच्या मैदानावर २००१ साली दुसरं उद्यान बांधलं. पण ते बघायला आलेला पाहुणा जुना राजवाडा बघितल्याशिवाय थोडाच परत जातो? २०१९ साली जुन्या उद्यानातच १४ एकरांचा नवा भाग जोडला.

आपल्या शाळेचंच बघा ना. वर्गात ८० मुलं झाली की नवी तुकडी काढतात. पण पाण्याचा नळ एकच असेल, तर मधल्या सुट्टीतली रांग तेवढीच!

म्हणून मला वाटतं, आधी जुन्या उद्यानात खेळ, सावली, बाक वाढवावेत. मगच नवं फाटक उघडावं. उन्हात ताटकळणाऱ्या छोट्याला उद्यानाच्या मोठेपणाचं काय कौतुक? तुम्हांला काय वाटतं? आईबाबांशी बोलून बघा हं!